सॅक घ्यायला जाताना पाण्याच्या बाटल्या घेऊन जा

दिवाळीनंतर माळ्यावरची सॅक खाली काढली तर आतनं सगळी सोलवटून निघालेली. कापड बाहेरून अगदी ठणठणीत, पण आतला कोटिंगचा थर चिकट झालेला, त्याचे पांढरे पापुद्रे कपड्यांना लागतायत आणि वास असा की नवऱ्याने विचारलं आत काही मेलंय का. हे ठाण्या-मुंबईच्या हवेत होतंच. कापडाला आतून जो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा थर असतो तो दमट हवेत हळूहळू फुटत जातो, त्यात सॅक थोडी ओलसर राहून घडी घालून पावसाळाभर बंद जागेत पडली तर विचारायलाच नको. या सॅकची बकल्स बदलून झाली होती, चेनचा रनर दोनदा आमच्या स्टेशनजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडून घालून घेतला होता, एक पट्टा मोच्याने शिवून दिला होता, पण कोटिंग गेलं की संपलं, ते काही कोणी परत लावून देत नाही. म्हणजे नवीन सॅक घेणं आलं.

तर हे सगळं त्या खरेदीबद्दल. मी जे शोधत होते ते फक्त आपल्या सह्याद्रीसाठी, एक रात्र फार तर दोन रात्रींचा मुक्काम, गुहेत किंवा देवळात नाहीतर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर. (गडावर मुक्कामाला आता बऱ्याच ठिकाणी बंदी किंवा परवानगीची भानगड आहे, पुरातत्त्व खातं नाहीतर वनखातं, तेव्हा निघायच्या आधी गावात फोन करून विचारा, जुन्या माहितीवर जाऊ नका.) हे आधीच सांगते कारण सॅकबद्दल नेटवर जे काही सापडतं ते बहुतेक सगळं अमेरिकेतल्या नाहीतर आल्प्समधल्या लोकांचं असतं, थंड कोरड्या हवेत, आखलेल्या पायवाटेवर, वाटेत ठिकठिकाणी झरे. आपल्याकडे काय असतं? घाम असतो, पायाखाली सुटणाऱ्या माती-दगडांचा घसारा असतो, दोन्ही बाजूंनी ओरबाडणारी करवीची झुडपं असतात आणि पाणी नसतं. त्यांनी ज्याला दहापैकी दहा दिले ती सॅक हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने वर आणून दाखवा म्हणावं.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण माझ्या मते सॅकचा सगळा हिशोब तिथूनच ठरतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्याला कितीही भारी बाटली घेतली तरी ते हलकं होत नाही. पावसाळा संपला की डिसेंबरपर्यंत गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांमध्ये पाणी असतं, मग बऱ्याच टाक्यांचं पाणी खाली जातं, हिरवं होतं, मार्चनंतर तर काही ठिकाणी तळ दिसतो. म्हणून चढताना माणशी तीन लिटर तरी धरायचेच, वर पाण्याची खात्री नसेल तर चार. त्यात स्लीपिंग बॅग, डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर झोपायचं तर बरी जाड लागते, सव्वा ते दीड किलो. कॅरीमॅट. एक जोड कपडे, स्वेटर किंवा जॅकेट, कानटोपी. टॉर्च, औषधं, चाकू, दोरीचा तुकडा. आणि शिधा. ग्रुपमध्ये शिधा वाटून घेतात, एकाकडे तांदूळ-डाळ, एकाकडे कांदे-बटाटे, एकाकडे तो मोठा काळा टोप, आणि ज्याच्याकडे टोप तो रात्रभर सगळ्यांना ऐकवत राहणार. सगळी बेरीज केली, रिकाम्या सॅकचे दीड-पावणेदोन किलो धरले की अकरा-बारा किलो सहज होतात. साधारण नियम असा सांगतात की आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं आरामात नेता येतं, ताणून ताणून चौथा हिस्सा. माझं वजन चोपन्न किलो. म्हणजे पाचवा हिस्सा जेमतेम अकरा किलो आणि मी आधीच तिथे पोचलेली आहे, अजून टोप माझ्याकडे आलाच नाहीये.

आता लिटर. दुकानात गेलात की पहिला प्रश्न किती लिटर हाच असतो. मी म्हटलं चाळीस ते पन्नासच्या मधली दाखवा. तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पासष्टची घेऊन टाका ना, पुढे हिमालयात पण होईल." म्हटलं, "अरे हिमालयात जाईन तेव्हा बघू, सध्या मला कसारा लोकलमध्ये चढायचंय." तो हसला पण पासष्टची काढून ठेवलीच समोर. हे आमच्या ग्रुपमध्येही खूप जणांनी केलंय, एकच घेऊ सगळ्याला पुरेल अशी. पण मोठी सॅक कधी अर्धी राहत नाही हो. जागा दिसली की आपण एक जास्तीची शाल टाकतो, मग आई एक डबा देते, मग कोणीतरी म्हणतं माझी पण चप्पल राहू दे तुझ्यात. आणि समजा खरंच अर्धी ठेवली तर आतलं सामान खाली गोळा होतं, चालताना डावीकडे-उजवीकडे हलतं, उतरताना तर पाठीत धक्के देतं. एका दिवसाच्या ट्रेकला वीस-पंचवीस लिटर भरपूर झाले. मुक्कामाला, तंबू न्यायचा नसेल तर, चाळीस ते पन्नास. तंबू आणि स्टोव्ह दोन्ही तुमच्याकडेच असतील किंवा तीन-चार रात्रींचा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेवरून सलग भटकंती, असेल तर पंचावन्न-साठ. काही सॅकवर 45+10 असं लिहिलेलं असतं, त्यातले ते दहा म्हणजे वरच्या तोंडाशी जे जास्तीचं कापड असतं ते वर ओढून मिळणारी जागा. एरवी ते आत दुमडून राहतं. माझ्या कामाला हा प्रकार सगळ्यात बरा वाटला, जाताना शिध्यासकट उंच आणि येताना छोटी.

पण लिटर ही दुय्यम गोष्ट आहे. खरी गोष्ट पाठीची लांबी. उंची नाही, पाठ. आणि आपल्याकडे सॅक घेताना हे मोजणारा माणूस मला आजवर दुकानात क्वचितच भेटलाय, ग्रुपमध्ये तर विचारूच नका, सगळे खांद्याला अडकवतात, आरशात बघतात आणि रंग ठरवतात.

मोजायचं कसं ते सांगते. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड टचकन वर येतं, तिथे एक खूण. मग दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, म्हणजे भांडायला उभं राहिल्यासारखे, पण कमरेच्या मऊ भागावर नाही, खालच्या हाडाच्या वरच्या कडेवर. अंगठे मागे. त्या दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने घ्यायचं, कण्याच्या वळणावरून, टेप ताणायची नाही. हे एकट्याने होत नाही, घरात कोणाला तरी धरा. नवऱ्याने मोजलं तर माझं आलं एक्केचाळीस सेंटीमीटर. त्याचं अठ्ठेचाळीस. साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या घरात असेल तर मिडियम म्हणतात, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. म्हणजे जी सॅक सगळ्यांना होते म्हणून विकली जाते ती त्याला होते. मला नाही. आणि गंमत म्हणजे आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच, तिची पाठ माझ्याएवढीच निघाली. सगळी उंची पायात. म्हणून म्हणते उंचीवरून अंदाज करू नका.

पाठीपेक्षा सॅक लांब असली की होतं काय, कमरेचा पट्टा जिथे बसायला हवा तिथे बसत नाही, खाली सरकून मांड्यांच्या वर येतो, मग पाऊल उचललं की तो वर ढकलला जातो, म्हणून आपण तो सोडूनच देतो आणि सगळं ओझं खांद्यावर. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात, मानेतनं कळ जाते, आणि आपण म्हणतो माझा स्टॅमिना कमी पडला! स्टॅमिनाचा काही संबंध नाही. नीट बसलेल्या सॅकमध्ये वजनाचा मोठा भाग, निम्म्याहून बराच जास्त, कमरेच्या हाडांवर जातो आणि तिथून पायांवर. खांद्याचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवायला. माझा एक काका सत्तरच्या दशकात ट्रेक करायचा, त्याची हॅवरसॅक अजून गावाकडे आहे, मिलिटरीच्या जुन्या सामानातली, जाड कॅनव्हासची, त्याला कमरेचा पट्टाच नाही. रिकामी उचलली तरी हात दुखतो. ते लोक त्याच्यातनं तांदूळ, स्टोव्ह आणि रॉकेलचा कॅन घेऊन कुलंगचा किल्ला चढायचे. तसं अमेरिकेत डिक केल्टी नावाच्या माणसाने 1952 पासून ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कमरेचा पट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली होती, पण काकापर्यंत ती बातमी पोचली नव्हती बहुतेक. त्याला विचारलं तर म्हणतो, "आमच्या वेळी पट्टे माणसाला असायचे, पिशवीला नाही." म्हणजे काय ते त्यालाच माहीत.

तर पट्टा. बायकांसाठी वेगळी बनवलेली सॅक म्हणजे नुसता जांभळा रंग नव्हे (दुकानात तसं वाटू शकतं). तिची पाठ आखूड असते, खांद्याचे पट्टे जवळजवळ बसवलेले आणि छातीच्या बाजूने वळण घेणारे असतात, कमरेच्या पट्ट्याचा कोन वेगळा असतो. ड्यूटर कंपनीवाले त्याला एसएल म्हणतात, ऑस्प्रे कंपनीकडे बायकांची मॉडेलं वेगळ्या नावाने येतात आणि त्यातही पुन्हा साईज असतात. आणि छोट्या पाठीच्या पुरुषांनीही ती खुशाल घालून बघावी, कोणी काही म्हणत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जिची पाठ वरखाली सरकवता येते अशी सॅक, वेल्क्रोने किंवा शिडीसारख्या पट्ट्यांवर अडकवून. घरात दोघांनी आळीपाळीने वापरायची तर हेच बरं, फक्त अशी सॅक दोन-तीनशे ग्रॅमने जड होते.

आता शीर्षकातल्या बाटल्या. दुकानात सॅक रिकामी असते, नाहीतर आत कागदाचे बोळे कोंबलेले असतात, आणि रिकामी सॅक सगळीच छान वाटते. दोनशे रुपयांची शाळेची बॅगसुद्धा रिकामी असताना छान वाटते. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात मागितलं तर आत टाकायला वजनं देतात, पण छोट्या दुकानात काही नसतं, म्हणून मी घरनं दोन-दोन लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या, स्वतःची स्लीपिंग बॅग आणि एक चादर घेऊन गेले. रिक्षावाल्याने विचारलं गावाला निघालात का. स्लीपिंग बॅग तळाला, बाटल्या मधे पाठीला चिकटून, चादरीने बाकीची जागा भरून घेतली म्हणजे बाटल्या लोळत नाहीत. मग क्रमाने बांधायचं, हा क्रम महत्त्वाचा आहे, सगळे पट्टे आधी ढिले, सॅक पाठीवर, कमरेचा पट्टा हाडांवर आणून घट्ट, मग खांद्याचे पट्टे ओढायचे पण कमरेवरचं वजन उचललं जाईल इतके नाही, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे ते दोन बारीक पट्टे, लोड लिफ्टर म्हणतात ते, थोडे ओढायचे म्हणजे सॅकचं डोकं मागे पडत नाही, आणि शेवटी छातीचा. आरशात बाजूने बघा, लोड लिफ्टर खांद्यापासून मागे वर तिरके जायला हवेत. ते आडवे किंवा खाली उतरत असतील तर सॅक तुम्हाला छोटी आहे, आणि खांदा आणि पट्टा यांच्यात फट दिसत असेल तर मोठी.

आणि मग चाला. निदान वीस मिनिटं. मी त्या दुकानाच्या इमारतीचा जिना वरखाली करत होते, वॉचमनने एकदा हटकलं. उतरताना खरं कळतं, कारण उतरताना सॅक मागून ढकलते. खाली बसून उठा, एक पाय उंच ठेवून बघा, हात वर करून एखादी कड पकडल्यासारखं करा, मान मागे टाकून वर बघा. मान मागे टाकताना डोकं सॅकच्या टोपणाला आपटत असेल तर ती सॅक कातळटप्प्यावर तुम्हाला रडवणार, पुढची होल्ड, म्हणजे हाताने धरायची खाच, दिसणारच नाही. एका भारी सॅकच्या बाबतीत माझं नेमकं हेच झालं, बाकी सगळं उत्तम, पण वर बघता येईना. परत ठेवली.

जाळीच्या पाठीबद्दल बोलायलाच हवं, कारण सध्या सगळ्यांना तीच हवी असते. यात सॅकची पाठ धनुष्यासारखी वाकलेली असते आणि त्यावर जाळी ताणलेली, म्हणजे पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळते. मुंबईच्या माणसाला हे ऐकूनच बरं वाटतं. दुकानातल्या एसीत तर फारच बरं वाटतं. पण त्या वाकण्यामुळे एक तर आतली जागा वेडीवाकडी होते, उभी सरळ बाटली नीट बसत नाही, आणि दुसरं म्हणजे वजन पाठीपासून चार-पाच सेंटीमीटर मागे जातं. सपाटीवर ते जाणवत नाही, चढ-उतारावर, विशेषतः जिथे हात लावायला लागतात तिथे, ती सॅक तुम्हाला मागे खेचत राहते. घाम यायचा तो येतोच, मे महिन्यात कुठली जाळी काय करणार. आणि तिसरी गोष्ट कुठल्याच परदेशी रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही: कुसळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पठारावरचं गवत वाळलं की त्याची कुसळं मोज्यात, पँटीत, सगळीकडे घुसतात, आणि सॅक खाली गवतात टेकवलीत की त्या जाळीत अशी काही विणली जातात की घरी येऊन चिमट्याने काढत बसा. पुढच्या ट्रेकला राहिलेलं एखादं बरोबर पाठीत टोचतं. मी साध्या फोमच्या पाठीची घेतली, मधे हवेसाठी खाचा असलेली. आतमध्ये एक प्लॅस्टिकची पातळ शीट आणि ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे, ती बाहेर काढून आपल्या पाठीच्या वळणाप्रमाणे थोडी वाकवून परत घालता येते. हे दुकानदाराने सांगितलं नाही, आमच्या ग्रुपच्या लीडरने करून दिलं आणि फरक लगेच कळला. ज्यांना फक्त सरळ वाटांनी जायचंय, राजगड-तोरणा धारेवरून वगैरे, त्यांनी जाळी घेतली तर काही बिघडत नाही म्हणा.

रुंदी. सॅक उंच चालेल, रुंद नको. तुमच्या कोपरांच्या बाहेर जाणारी कुठलीच गोष्ट नको. रतनगडाच्या लोखंडी शिड्यांवर, सांधण दरीच्या चिंचोळ्या भागात, करवीच्या रानातल्या वाटेवर, सगळीकडे रुंद सॅक अडकते, आणि ती अडकली की आपला तोल जातो. बाहेर लोंबणाऱ्या गोष्टींचंही तेच, कॅरीमॅट आडवी बांधून चाललेले लोक दिसले की मला पुढचं सगळं दिसतं, कुठल्यातरी वळणावर ती कड्याला घासणार आणि माणूस दरीच्या बाजूला ढकलला जाणार. बांधायचीच तर उभी, बाजूच्या पट्ट्यांत. मग तुम्ही अलंग-मदन या किल्ल्यांवर जाणार असाल तर एक जास्तीची गोष्ट बघा, वरचा तो हातात धरायचा छोटा लूप किती मजबूत शिवलाय. तिथे कातळटप्प्यांवर सॅक दोरीने वर ओढून घेतात, कातळावर घासत, आदळत. नुसत्या त्या लूपवर भरवसा ठेवायचा नाही, दोरी खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांतनं आणि लूपमधनं मिळून ओवायची, पण तरी तो लूप नीट शिवलेला असावा. आणि पाण्यातून जाताना, म्हणजे ओढा ओलांडताना किंवा सांधणमध्ये पाणी असेल तेव्हा, कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा. पाय घसरला तर सॅक झटकून देता आली पाहिजे. म्हणून बकल एका हाताने, ओल्या बोटांनी उघडतं का हेही दुकानात करून बघा, काही बकल्स फार घट्ट असतात.

कापडाबद्दल थोडक्यात. लेबलवर 210डी, 420डी असं काहीतरी असतं, ते डेनिअर. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनिअर, म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड. सगळी सॅक जाड असायची गरज नाही पण तळ चारशेच्या पुढचा हवाच, कारण आपण सॅक टेकवत नाही, टाकतो, आणि टाकतो कुठे तर खडकावर. घसाऱ्यावर बसून घसरत उतरताना सॅकचा तळ आधी घासतो मग आपला. ते जे आठशे-नऊशे ग्रॅमचे अतिहलके प्रकार मिळतात त्यांच्याकडे बघून माझाही जीव वरखाली झाला होता, पाऊण किलो वाचतोय म्हणजे पाऊण लिटर पाणी! पण करवंदीच्या जाळीतनं एकदा जाऊन आलं की त्या कापडाची चाळण. वजन वाचवायचंच असेल तर दुसरी जास्तीची जीन्स घरी ठेवा, सॅकमध्ये वाचवू नका.

पाऊस. रेन कव्हर सॅकबरोबर आलं तर चांगलंच, नाही आलं म्हणून सॅक नाकारू नका. कव्हर पुढून, वरून पाऊस अडवतं, पण पाठ आणि सॅक यांच्यामधे जी उघडी बाजू असते तिथनं पाणी मानेवरून ओघळत सरळ आत जातं, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात कव्हर फुग्यासारखं फुगून निघून जातं. तोरण्याच्या बुधला माचीवरून आमच्यातल्या एकाचं कव्हर वेल्ह्याकडे कुठेतरी गेलंय, सापडल्यास ठेवून घ्या. जुने ट्रेकर करतात तेच बरोबर, सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून खाली दुमडायचं. जाड कचऱ्याची काळी पिशवी चालते. स्लीपिंग बॅगला वेगळी एक. बाहेरून सॅक कितीही भिजू दे.

कप्पे जितके कमी तितके बरे असं माझं मत झालंय. एक मोठा कप्पा वरून उघडणारा, त्याला समोरून किंवा खालून एक चेन असेल तर उत्तम, म्हणजे मुक्कामाला पोचल्यावर स्लीपिंग बॅग काढायला अख्खा शिधा बाहेर मांडावा लागत नाही. टोपणात एक कप्पा, टॉर्च, सुरी, औषधांसाठी. बाजूला बाटलीचे दोन, खोल असलेले, कारण वाकलं की बाटली डोक्यावरून पुढे येऊन दरीत जाते हे सगळ्यांनी बघितलंय. चेनचा रनर मोठा आणि धातूचा असावा, धुळीत बारीक चेन लगेच अडकते. बाकी ते सतरा छोटे छोटे खिसे दुकानात फार हुशार वाटतात, रात्री अंधारात माचिस कुठल्या खिशात आहे हे शोधताना नाही वाटत. आणि खाण्याचं काही बाहेरच्या खिशात ठेवायचंच नाही. गडावर दिवसा माकडं आणि रात्री उंदीर. गुहेतले उंदीर चेन उघडायची वाट बघत नाहीत, चिक्कीचा वास आला की कापड कुरतडून सरळ आत, म्हणून रात्री शिधा वेगळ्या पिशवीत घालून उंचावर टांगायचा, सॅक उघडी आणि रिकामी ठेवायची.

किंमतीचं म्हणाल तर या साईजमध्ये तीन-चार हजारांपासून सुरू होतं आणि पंधरा-वीस हजारांपर्यंत जातं. वर्षातून दोन-तीनदाच जाणाऱ्याने वीस हजार घालावेत असं मला अजिबात वाटत नाही. अगदी पहिल्यांदा मुक्कामाला जाणार असाल तर विकतच घेऊ नका, पुण्या-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्याने देणारी दुकानं आहेत, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या सॅक भाड्याने वापरून बघितल्यात तर दुकानात काय मागायचं हे आपोआप कळेल. ऑनलाइन मी फक्त तेव्हाच घेईन जेव्हा तीच सॅक, त्याच साईजची, दुकानात वजनासकट घालून बघितलेली असेल. फोटोवरून सॅक घेणं मला जमत नाही.

मी शेवटी पंचेचाळीस अधिक दहाची, आखूड पाठीची, राखाडी घेतली. लाल हवी होती, धुक्यात लांबून दिसते म्हणून, पण माझ्या साईजमध्ये लाल नव्हती आणि लालसाठी मोठी साईज घेणार नव्हते, तर आता तिच्यावर एक भडक केशरी कव्हर बांधते. रिकामी पावणेदोन किलो भरते. पहिल्या मुक्कामाला खिरेश्वरहून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर नेली, शिध्यातले बटाटे माझ्याकडे होते, खांदे दुखले नाहीत, मांड्या दुखल्या, ज्या दुखायलाच हव्या होत्या. एकच तक्रार, कमरेच्या पट्ट्यावर जो छोटा खिसा दिलाय त्यात माझा फोन मावत नाही, चिक्कीचे दोन तुकडे मावतात. खालच्या टेलरला दाखवलंय, पट्ट्यात ओवता येईल असा कापडी पाउच शिवून देतो म्हणालाय, चेन मी आणून द्यायची.